पंचनाम्यात न आलेली जखम

१९९२च्या पावसाळ्यापासून लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या माणसांना जमिनीखालून आवाज ऐकू येत होते. आधी गुरगुर व्हायची, मग भांडी वाजायची, माळवदाची माती झडायची. ऑक्टोबर महिन्यात बसलेल्या एका धक्क्याने काही भिंतींना तडे गेले. लोकांनी गाऱ्हाणी नेली. काही कुटुंबं घर सोडून शेतात झोपू लागली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत धक्के विरळ झाले. दख्खनचं पठार म्हणजे जुना, कठीण कातळ. इथे मोठा भूकंप होत नाही, असाच तेव्हा सर्वांचा समज होता. भूकंपाच्या नकाशावरही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. माणसं घरात परतली.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. गावोगावी गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. ६.२ ते ६.४ रिश्टर एवढ्या तीव्रतेचा हा धक्का जमिनीखाली थोड्याच खोलीवर झाला होता. काही सेकंदांत लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली आणि उस्मानाबाद जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातली गावं मातीखाली गेली. किल्लारीचं नाव जगभर झालं. पण तेरणा नदीच्या खोऱ्यात सास्तूर, होळी, राजेगाव, माकणी, पेठसांगवी या गावांवरही तोच घाला पडला. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं मेली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली आणि बावन्न गावं नव्या जागी हलवावी लागली.

माणसं मारली ती घरांनी. दोन-तीन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी किलच आणि त्यावर वर्षानुवर्षं चढवलेला पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार अशी ही माळवदाची घरं म्हणजे घराण्याची इभ्रत होती. जेवढं घर मोठं, तेवढी भिंत जाड. ज्या भिंतीच्या आधाराने पिढ्या वाढल्या, तीच भिंत झोपेत अंगावर आली. पुढे अनेक वर्षं या भागातल्या माणसांना छपराखाली झोप लागली नाही. त्याचं मूळ इथे आहे.

मग पाऊस आला. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी भागात पोहोचले, लष्कर आलं, लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी यांच्या यंत्रणेने मदतकार्य हाती घेतलं. ढिगारे उपसताना मृतदेह निघत राहिले. सरपण पुरेना, तेव्हा पडलेल्या घरांचे दरवाजे आणि खांब चितेला लावले गेले. एकेका चितेवर अनेक देह ठेवावे लागले. आपल्याकडे मरणानंतरचे दिवस ठरलेले असतात. सुतक असतं, दहावं-तेरावं असतं, माहेरची माणसं येतात, शेजारी भाकरी आणून देतात, बायका गळ्यात पडून रडतात आणि हळूहळू घर पुन्हा चुलीशी येतं. इथे रडायला येणारी माणसंच गेली होती. ज्या घरात पाच जण गेले, तिथे उरलेल्या एकाने कोणासाठी आधी रडायचं? दुःख वाटून घेण्याची गावाची जी रीत होती, ती गावाबरोबरच गाडली गेली.

सास्तूर उस्मानाबाद जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला आहे. वायव्येच्या टोकाला, बालाघाटाच्या रांगेत, भूम तालुक्यातलं ईट आहे. तिथून बीड आणि अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यांच्या हद्दी जवळ. किल्लारीचा धक्का मुंबई आणि हैदराबादपर्यंत जाणवला होता. मराठवाड्यातल्या बहुतेक जुन्या गावांसारखी भूमच्या भागातली घरंही दगडमातीचीच. त्यामुळे भीतीला तालुक्याची हद्द राहिली नाही. ज्यांच्या घराला साधी भेगही गेली नव्हती, अशी माणसंही कितीतरी रात्री अंगणात झोपली. पंचनामा करायला आलेल्या तलाठ्याच्या कागदावर घर, जनावरं, जखमी आणि मयत यांच्यासाठी रकाने होते. धसका घेतलेल्या माणसासाठी रकाना नव्हता.

डॉक्टरांना काय दिसलं

मोठ्या संकटानंतर मनावर होणाऱ्या परिणामाला वैद्यकशास्त्राने अधिकृत नाव दिलं त्याला तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत आघातोत्तर ताणविकाराचा समावेश केला. त्यामागे प्रामुख्याने व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव होता. भारतात या प्रश्नाकडे पहिल्यांदा गांभीर्याने पाहिलं गेलं ते डिसेंबर १९८४च्या भोपाळ वायुकांडानंतर. बंगळूरच्या निमहान्स या संस्थेतले डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. मनोविकारतज्ज्ञ मूठभर आणि पीडित लाखो, हे गणित त्यांनी ओळखलं आणि साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच मनाच्या तक्रारी ओळखायचं प्रशिक्षण दिलं.

मराठवाड्यात हा अनुभव उपयोगी पडला. भूकंपानंतर महिनाभराने दिल्लीच्या डॉक्टरांच्या एका पथकाने वाचलेल्या ग्रामस्थांची तपासणी केली. त्याचा अहवाल १९९६ साली अमेरिकेच्या मानसोपचार नियतकालिकात छापून आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना उपचार लागतील अशी लक्षणं होती आणि त्यात आघातोत्तर ताणविकार आणि खोल नैराश्य हे दोन आजार आघाडीवर होते. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. मोहन आगाशे यांनीही भूकंपग्रस्तांच्या मनावरच्या आघाताच्या अभ्यासात काम केलं. नट म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेला हा माणूस व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहे.

रुग्ण मात्र डॉक्टरांकडे येऊन ‘माझं मन आजारी आहे’ असं म्हणत नसे. तो म्हणे, छातीत धडधडतं, हातपाय गळाल्यासारखे वाटतात, डोकं बधिर झालंय, जेवण जात नाही. बाई म्हणे, जीव घाबरा होतो, घरात पाऊल टाकवत नाही. रस्त्यावरून मालट्रक गेला आणि जमीन थरथरली, की माणसं धावत बाहेर येत. पहाटे चारच्या सुमारास आपोआप जाग येई.

याचं कारण शरीरातच असतं. जिवावरचं संकट येतं तेव्हा मेंदू धोक्याची खूण पक्की करून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी विचार करण्यात वेळ जाऊ नये. त्या रात्रीचा आवाज, अंधार, धुळीचा वास हे सगळं त्या खुणेला चिकटतं. धोका टळला तरी खूण पुसत नाही. तसा आवाज आला की शरीर आधी पळतं आणि मन मागून विचारतं, काय झालं? हा भित्रेपणा नव्हे, वेडही नव्हे. जीव वाचवण्यासाठी निसर्गाने दिलेली यंत्रणा थांबायचं विसरलेली असते. बहुतेकांची ती महिन्या-वर्षात शांत होते. पण त्यासाठी आजूबाजूला ओळखीची माणसं, रोजचं काम आणि उद्याचा भरवसा लागतो. ज्यांची शांत होत नाही, त्यांना औषध आणि समुपदेशन द्यावं लागतं.

वाचल्याचं ओझंही असतं. त्या रात्री शेतावर झोपायला गेलेला माणूस वाचला आणि घरात झोपलेली बायको-पोरं गेली, तर तो पुढची वर्षं स्वतःलाच जाब विचारत राहतो. अशी माणसं भूकंपाच्या पट्ट्यात गावोगावी होती. नुकसानभरपाईचे पैसे हातात आले आणि त्यांतल्या अनेकांनी दारू जवळ केली. गावाने त्यांना व्यसनी म्हटलं. त्या दारूमागे उपचार न मिळालेलं दुःख होतं, हे ओळखायला कोणाला फुरसत नव्हती.

सरळ रेषेतली गावं

जागतिक बँकेच्या कर्जातून ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम’ उभा राहिला. देशातल्या मोठ्या पुनर्वसन प्रकल्पांत त्याची गणना होते. उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवायची आणि बाकीच्या गावांतली तडे गेलेली घरं दुरुस्त करून मजबूत करायची, असे त्याचे दोन मुख्य भाग होते. एकाच आपत्तीतून निघालेल्या या दोन वाटांवर माणसांचं पुढे काय झालं, यात या इतिहासाचा सगळ्यात मोठा धडा आहे.

नवी गावं झपाट्याने उभी राहिली. देशभरातल्या संस्था, उद्योग आणि राज्य सरकारांनी गावं दत्तक घेतली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची पक्की घरं देण्यात आली. रुंद रस्ते आखले, घरं ओळीने बांधली. अभियंत्याच्या नजरेने पाहिलं तर काम चोख होतं आणि बेघर झालेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर आलं, ही गोष्ट लहान नव्हती.

पण जुन्या गावाची रचना नात्यांनी झालेली होती. भावकी एका गल्लीत, भिंतीला भिंत लागून. बायका परड्यातून परड्यात जायच्या. म्हातारी माणसं पारावर बसायची, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात पोरं खेळायची. कोणाच्या घरात चूल पेटली नाही, हे धुरावरून कळायचं. नव्या गावात घराचं वाटप आकारमानाने झालं, तेव्हा मोठ्या जमिनीवाले एका बाजूला आणि भूमिहीन दुसऱ्या बाजूला गेले. सख्खे शेजारी दूर पडले. शेत लांब गेलं. जनावर बांधायला, कडबा ठेवायला जागा नव्हती. एकट्या उरलेल्या म्हाताऱ्या बाईला पक्कं घर मिळालं, पण हाक मारली तर ओ देणारं माणूस पलीकडच्या रस्त्यावर गेलं होतं.

असं आधी घडलेलं होतं. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बफेलो क्रीक या दरीत कोळशाच्या खाणीचा बांध फुटला. १२५ माणसं मेली, चार हजारांवर बेघर झाली. सरकारने तत्परतेने तात्पुरती घरं दिली, पण ज्याचा नंबर आधी लागला त्याला आधी, अशी. शेजारपाजार विस्कटला. समाजशास्त्रज्ञ काई एरिक्सन यांनी तिथे जाऊन माणसांशी बोलणी केली आणि १९७६ साली पुस्तक लिहिलं. पुराने माणसांना एक जखम दिली आणि समाज तुटल्याने दुसरी, हा त्यांचा निष्कर्ष होता. दुसरी जखम पहिलीला भरू देत नाही. किल्लारीच्या पुनर्वसनाची आखणी चालू होती तेव्हा हे पुस्तक येऊन सतरा वर्षं झाली होती.

बायका अभियंत्यांशी बोलू लागल्या

दुसरी वाट घरदुरुस्तीची. सुमारे दोन लाख घरं, दोन हजारांवर गावं. इथे ठेकेदार येऊन घर बांधून देणार नव्हता. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या खात्यावर जमा होणार, अभियंता मार्गदर्शन करणार आणि काम घरच्यांनी करून घ्यायचं. आता दगडमातीची भिंत कशी मजबूत करायची, हे समजून सांगणार कोण? घाबरलेल्या माणसाला वाटत होतं, दगडच नको. सिमेंट आणि लोखंडाशिवाय काही टिकत नाही.

इथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने केलेलं काम महत्त्वाचं ठरलं. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या हजारावर गावांत गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. या बायकांमधल्या कित्येकींनी तोवर ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड का घालायचे, कोपरे कसे बांधायचे, माळवदावरचा मातीचा थर कमी का करायचा, हे शिकून घेतलं आणि घरोघरी समजावलं. हप्ता का अडला ते कार्यालयात जाऊन विचारलं. अभियंत्याला सांगितलं, खिडकी इथे नको, तिथे हवी. चूल या बाजूला आहे.

वरवर पाहता हा बांधकामाचा कार्यक्रम होता. त्यात समुपदेशनाचं सत्र नव्हतं, मनोविकारतज्ज्ञही नव्हता. पण मनाला जे लागतं, ते त्यात होतं. बायका आठवड्याला एकत्र बसत होत्या. बोलणं सिमेंटच्या पोत्यांपासून सुरू होई आणि गेलेल्या लेकराशी येऊन थांबे. त्या रडण्याला आता सोबत होती. जी भिंत अंगावर आली तिच्यात नेमकं काय चुकलं होतं, हे कळल्याने भीतीला कारण मिळालं. कारण कळलेल्या भीतीशी माणूस दोन हात करू शकतो. आपल्या हाताने दुरुस्त केलेल्या घरात झोपायचा धीर हळूहळू आला. पुढे याच गटांतून बचत गट झाले, दूध आणि शेतीचे धंदे निघाले.

म्हणून या दोन वाटांचा हिशेब स्पष्टपणे मांडायला हवा. एका वाटेवर माणसांना घर मिळालं आणि दुसऱ्या वाटेवर घराबरोबर निर्णयही त्यांच्या हातात आला. भूकंपाने माणसाच्या हातून काय हिरावून नेलं होतं? आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे, हा विश्वास. तो परत देणारं पुनर्वसनच मनापर्यंत पोहोचलं.

पोरकी मुलं

भूकंपाने शेकडो मुलांचे आईबाप हिरावले. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने, शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने, सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणलं आणि वाघोलीला त्यांच्यासाठी शाळा-वसतिगृह उभारलं. इकडे उस्मानाबाद जिल्ह्यातच, तुळजापूर तालुक्यात नळदुर्गजवळ अलियाबादला, राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतल्या कार्यकर्त्यांनी ‘आपलं घर’ सुरू केलं. बार्शीचे समाजवादी नेते पन्नालाल सुराणा यांनी आयुष्याची उरलेली वर्षं या मुलांच्या घराला दिली.

दोन्हींच्या पद्धती वेगळ्या होत्या. वाघोलीने मुलांना गावापासून लांब, मोठ्या शहराजवळ, नव्या संधींत नेऊन ठेवलं. ‘आपलं घर’ने त्यांना त्यांच्याच मातीत, त्यांच्याच बोलीत वाढवलं. लहान मुलाला दुःख शब्दांत सांगता येत नाही. ते गप्प होतं, अंथरूण ओलं करतं, चिडतं, कोणाचा पदर सोडत नाही. त्याला सर्वांत आधी लागतं ते रोजचं ठरलेलं वेळापत्रक: सकाळची घंटा, वेळेवर जेवण, खेळ, अभ्यास आणि उद्याही हेच माणूस इथे असेल याची खात्री. दोन्ही ठिकाणी हे मिळालं. त्या मुलांची आज स्वतःची कुटुंबं आहेत.

गावातली वैद्य

आघात एका रात्रीत होतो, उपचार मात्र वर्षानुवर्षं लागतात. बाहेरून आलेली पथकं महिन्या-दोन महिन्यांत परत जातात, आणि नेमका त्यानंतर, गर्दी ओसरल्यावर, एकटेपणा सुरू होतो. म्हणून कायम तिथे राहणाऱ्या माणसांचं मोल मोठं. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने भूकंपग्रस्त गावांत काम केलं आणि पुढेही तिथेच राहिलं. औरंगाबादच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चळवळीतून आलेल्या या डॉक्टरांनी गावातल्या कमी शिकलेल्या, बऱ्याचदा टाकलेल्या किंवा विधवा बायकांना आरोग्याचं प्रशिक्षण दिलं आणि ‘भारत वैद्य’ म्हणून उभं केलं.

भारत वैद्य बाईकडे गोळ्यांचा डबा आणि रक्तदाब मोजायचं यंत्र असे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला गाव ठाऊक असे. कोणाची झोप उडाली आहे, कोणाची सून माहेराहून परत आली नाही, कोण दोन दिवस बाहेर दिसलं नाही, हे तिला सांगावं लागत नसे. सुखदुःख भोगलेल्या बाईशी दुसरी बाई जे बोलते, ते ती अनोळखी डॉक्टरशी बोलत नाही. पुढे २००५ नंतर आशा कार्यकर्तीची योजना देशभर आली, तेव्हा अशाच गावपातळीवरच्या प्रयोगांचा अनुभव तिच्यामागे होता.

आणि मग २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ भूकंपाने हादरलं. लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. ज्यांनी स्वतःचं घर मातीत जाताना पाहिलं होतं, त्या कच्छच्या बायकांना सांगत होत्या की आम्हीही यातून गेलो, पुढे काय होतं ते आम्हाला माहीत आहे, पैशाचा हप्ता कसा मागायचा ते आम्ही दाखवतो. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतही हा अनुभव पोहोचला. मानसोपचाराच्या जगात एक गोष्ट आता मान्य आहे. मदत घेणारा माणूस जेव्हा मदत देणारा होतो, तेव्हा त्याच्या दुःखाला उपयोग सापडतो आणि सावरण्यातली ती फार मोठी पायरी असते. ही पायरी आपल्या बायकांनी आपल्या पायांनी चढली.

जगभरात हे शहाणपण हळूहळू नियमांत उतरलं. २००७ साली आंतरराष्ट्रीय संस्थांनी आपत्तीतल्या मानसिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांची रचना पिरॅमिडसारखी आहे. पायाशी सर्वांसाठी सुरक्षितता, अन्न आणि निवारा; त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार; त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्याची मदत आणि अगदी टोकाशी, थोड्यांसाठी, तज्ज्ञांचे उपचार. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सांगणं असं की पीडित माणसाला घडलेलं सगळं परत परत सांगायला भाग पाडू नका; तो बोलला तर शांतपणे ऐका, त्याची निकड विचारा, त्याला त्याच्या माणसांशी जोडून द्या.

हळू येणारी आपत्ती

धाराशिवच्या (उस्मानाबाद जिल्ह्याचं हे आजचं नाव) नशिबी आणखी एक संकट होतं. दुष्काळ. तो एका पहाटे येत नाही. पाऊस हुलकावणी देतो, विहीर आटते, कर्ज वाढतं, मुलीचं लग्न लांबतं. २०१२-१३ आणि नंतर २०१४ ते २०१६ या वर्षांत मराठवाडा होरपळला, जनावरं छावणीला गेली, शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या. २०१५ साली राज्य सरकारने यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केलं. त्याच वर्षी चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन साधे प्रश्न विचारायचे: झोप लागते का, कामात मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का? आणि गरज असेल त्याला वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचवायचं. १९९३ साली पंचनाम्यात नसलेला रकाना बावीस वर्षांनी प्रथमच कोणाच्या तरी वहीत आला.

आत्महत्या एका कारणाने होत नाही. कर्ज असतं, नापिकी असते, आजारपण असतं, घरातली ताणाताणी असते आणि या सगळ्यांच्या मागे अनेकदा न ओळखलेलं नैराश्य असतं. म्हणून कर्जमाफी हवीच आणि तिच्याबरोबर मनाचा उपचारही हवा. एकाचं नाव पुढे करून दुसऱ्याची जबाबदारी टाळता येत नाही.

भूकंपाची आठवणही गेलेली नाही. दरवर्षी ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी माणसं जमतात, पोलीस मानवंदना देतात. सप्टेंबर २०२२मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून आवाज येऊ लागले, तेव्हा १९९३ नंतर जन्मलेली पोरंही घरात झोपायला तयार नव्हती. आईबापांची भीती न सांगता मुलांत उतरते. तिच्यावर उपाय दोनच, घरात मोकळेपणी बोलणं आणि घर खरोखर मजबूत करणं.

आता पाळी भूम-परंड्याची

सप्टेंबर २०२५. या वेळी संकट जिल्ह्याच्या वायव्येला आलं. नेहमी टँकरची वाट पाहणाऱ्या भूम आणि परंडा तालुक्यांत अतिवृष्टी झाली. सीनेसह नद्या-नाले पात्र सोडून वाहिले. शेतातली माती खरवडून गेली, दावणीला बांधलेली जनावरं वाहून गेली, पुरात अडकलेल्या माणसांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. भूमच्या भागाचा संसार दुधावर आणि खव्यावर चालतो; ईटपासून पाथरूड, वालवडपर्यंत खव्याच्या भट्ट्यांच्या जिवावर घरं उभी आहेत. दुभती गाय गेली म्हणजे रोजचा पैसा गेला आणि लेकरासारखं वाढवलेलं जनावरही गेलं. ज्या शेतकऱ्याने रात्री अंधारात आपली जनावरं ओरडताना ऐकली, त्याच्या कानातला तो आवाज भरपाईचा धनादेश वटल्यावर थांबणार नाही.

पंचनामे झाले. हेक्टर मोजले, गुरं मोजली, पडझड मोजली. तेरणाकाठच्या तीस वर्षांच्या अनुभवाने आणखी काय मोजायला हवं, हेही सांगून ठेवलं आहे. आपत्तीच्या प्रत्येक पंचनाम्यात कुटुंबाच्या मानसिक अवस्थेची नोंद हवी आणि ती महिन्याने, सहा महिन्यांनी व वर्षाने पुन्हा घेतली जावी, कारण नैराश्य पूर ओसरल्यावर येतं. त्या नोंदीसाठी आशा कार्यकर्तीला प्रशिक्षण आणि त्या कामाचा वेगळा मोबदला हवा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे नैराश्याची मूलभूत औषधं आणि जिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञाचा थेट संपर्क हवा. घरं हलवायची वेळ आली, तर शेजार न मोडता, भावकी आणि आळी एकत्र ठेवून हलवावीत, आणि कुठे काय बांधायचं हे ठरवताना बायकांना पहिल्या बैठकीपासून बोलवावं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरवला आहे. तो ईटच्या माणसाला मागता यावा इतका जवळ असला पाहिजे.

वाचकाच्या हातातही काही आहे. आपल्या वस्तीत कोणी पूर, अपघात, कर्ज किंवा आप्ताच्या मृत्यूनंतर गप्प झालं असेल, झोपत नसेल, जेवत नसेल, निरवानिरवीची भाषा बोलत असेल, तर त्याच्या घरी जाऊन बसा. ‘झालं गेलं विसर’ असं म्हणू नका. तो जे सांगेल ते ऐका आणि त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र केव्हाही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर, दूध संकलन केंद्रात आणि शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.